आजीच्या ओव्यांसाठी संगणक घेताना



कलमांना मोहोर फुटला की तुडतुड्यांची पाहणी करीत आम्हा कृषी खात्याच्या माणसांना किनाऱ्यावरच्या बागांतून फिरावे लागते. अशाच एका फेरीत दापोली तालुक्यातील बुरोंडीला एका बागायतदाराच्या ओटीवर बसलो होतो. फवारणीचे बोलणे संपले, चहा झाला, आणि घरधन्याने मुलाला हाक मारून एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, औषधाची चिठ्ठी तुम्ही बघता, तशी ही पण जरा बघा. गेल्या वर्षीच्या काजूचे पैसे बाजूला ठेवलेत, ते सगळे यात जातील असं दिसतंय."

कागद म्हणजे मुंबईच्या एका दुकानातले दरपत्रक होते. मुलगा कॉलेजात शिकतो, वाडीच्या नमनात मृदंग वाजवतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भातलावणीची गाणी आणि वाडीचे नमन घरच्या घरी नीट मुद्रित करून ठेवावे अशी त्याची इच्छा. इच्छा सोन्यासारखी, पण यादी मात्र भलतीच होती. संगणक खेळ खेळणाऱ्यांसाठी बनवलेला, आत भारी ग्राफिक्स कार्ड, चार पंखे, पेटीला रंगीत दिवे. माइक यादीच्या अगदी शेवटी, आणि दुकानातला सर्वांत स्वस्त.

मी त्याला म्हटले, "बाळा, हा दहा अश्वशक्तीचा पंप झाला, आणि फूटव्हॉल्व्ह तू फुटका घेतो आहेस."

त्या दिवशी ओटीवर जे बोलणे झाले तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे. कारण अशी इच्छा आता पुष्कळ घरांतून दिसते. कोणाला भजनी मंडळाचे अभंग ठेवायचे असतात, कोणाला जाखडीच्या शाहिराची कवने, कोणाला आजोबांचा नुसता बोलण्याचा आवाज.

माझी स्वतःची चूक

माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. १९९४ साली मी नोकरीच्या पहिल्या पगारांतून एक टेपरेकॉर्डर घेतला आणि दोन कॅसेटी भरून तिच्या ओव्या घेतल्या. कॅसेटी लोखंडी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवल्या आणि विसरलो. दापोलीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, ट्रंकेतल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे कॅसेटीची काय कथा! तीन पावसाळ्यांनंतर काढल्या तेव्हा फितीवर पांढरी बुरशी होती. एक फीत यंत्रात अडकून तुटली, दुसरीतून नुसता घर्रर्र आवाज आला. दुसरी प्रत मी केलेली नव्हती. आई आता नाही. तिच्या ओव्यांपैकी मला आठवतात त्या आठ-दहा.

पुढे गावच्या भजनी मंडळाचे मुद्रण करण्याचा नाद लागला आणि त्यातही ठेचा खाल्ल्या. एकदा शहरातल्या एका दुकानातून महागडा माइक आणला. घरी येऊन पाहतो तो त्याला वेगळी वीज पुरवणारे यंत्र लागते, जे माझ्याजवळ नव्हतेच. सहा महिने तो माइक कपाटात पडून राहिला. आपल्या घरात असे होऊ नये एवढ्यासाठी हा लेख.

हे काम लहान नव्हे

ओव्यांना कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघा अभ्यासकांनी १९८० च्या दशकात पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रातील एक हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले, आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' ही ग्रामीण भारताची संस्था ते जगापुढे ठेवते आहे. यातल्या गाणाऱ्या बाया आपल्या आजी-मावशींसारख्याच, शेतात राबणाऱ्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

गिरण्या आल्या, जाती कोनाड्यात गेली, आणि ओव्या म्हणण्याचे निमित्तच संपले. ज्या बाया त्या जाणतात त्यांचे वय आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. आंब्याचे कलम मेले तर दुसरे लावता येते. हे बियाणे एकदा गेले की कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.

आवाजाची वाट समजून घ्या

यंत्र घेण्यापूर्वी आवाज कोणत्या वाटेने जातो ते समजून घ्यावे. गाणारीच्या तोंडून निघालेला आवाज खोलीतून माइकपर्यंत जातो. माइक त्या कंपनांची अगदी क्षीण वीज बनवतो. ही वीज एका लहान पेटीत जाते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ही पेटी ती वीज वाढवते आणि दर सेकंदाला ४८,००० वेळा मोजून तिचे आकडे करते. ते आकडे संगणक लिहून ठेवतो. शेवटी हेडफोनमधून आपण ते ऐकतो.

म्हणजे या कामात संगणक हा लिहून घेणारा कारकून आहे. समोरून जे सांगितले जाईल तेच तो लिहिणार. माइक निकृष्ट असेल, खोली घुमत असेल, तर लाखाचा संगणकही तो बिघाडच इमानाने लिहून ठेवील. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून पैसा आधी आवाज जिथे आत शिरतो तिथे घालावा, मग संगणकाकडे वळावे.

कारकुनावर भार किती?

पंप घेताना आपण विहिरीचे पाणी आणि उचल पाहतो. संगणकाचेही तसेच आहे. हिशेब करून पाहू.

चांगल्या प्रतीच्या मुद्रणात सेकंदाला ४८,००० मोजमापे, आणि प्रत्येक मोजमापाला ३ बाइट जागा लागते. म्हणजे एका माइकला सेकंदाला १,४४,००० बाइट. तासाला हे सुमारे ५२ कोटी बाइट होतात, म्हणजे अर्धा जीबी. आठ माइक एकाच वेळी लावले तरी तासाला चार जीबीच्या आसपास. ५०० जीबीच्या साठ्यात संगणकाचा स्वतःचा कारभार सोडून साडेतीनशे जीबी मोकळी धरली, तर एका आवाजाचे सातशे तास मावतात. आपल्या आजीच्या सगळ्या ओव्या त्याच्या एका कोपऱ्यात बसतील.

दुसरा मुद्दा उशिराचा. संगणक आकडे एकेक करून घेत नाही, टोपली भरली की उचलतो. या टोपलीला बफर म्हणतात. १२८ मोजमापांची टोपली भरायला तीन हजारांश सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, १,०२४ ची भरायला सुमारे एकवीस हजारांश. हवेत आवाज तीन हजारांश सेकंदात साधारण एक मीटर जातो. तेव्हा मोठ्या टोपलीमुळे होणारा उशीर म्हणजे खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, सात मीटरांवर उभ्या असलेल्या मृदंगवाल्याचा ठेका ऐकून झांज वाजवण्यासारखे आहे. नुसती ओवी घेताना याने काही बिघडत नाही. पण आधी आजीचा आवाज घेऊन, मागाहून तो हेडफोनवर ऐकत त्यावर मृदंग वाजवायचा असेल तर ठेका मागे पडतो.

यावर उपाय म्हणून पोराला जबरदस्त संगणक हवा होता. पण बहुतेक इंटरफेसना असे एक बटण वा खुंटी असते की वादकाला स्वतःचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट हेडफोनवर ऐकू येतो. पेटी घेताना ही सोय आहे ना, एवढे पाहिले की मोठ्या संगणकाची निम्मी गरज संपते.

संगणकात काय पाहावे

प्रोसेसर: इंटेलचा कोअर आय-५ किंवा एएमडीचा रायझेन-५ या वर्गातला, अलीकडच्या पाच-सात वर्षांतला असला म्हणजे दोन ते आठ माइकच्या कामाला पुरून उरतो. कचेरीतून वापरून निघालेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे लॅपटॉप या कामाला चांगले. एक मात्र तपासावे. विंडोज १० चा कंपनीकडील नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना फार स्वस्त मिळाला तरी मोहात पडू नये.

रॅम: आठ जीबीवर काम चालते, सोळावर निर्धास्त चालते. बत्तीस लागते ती संगणकातूनच सतार, व्हायोलिन, ढोल यांचे साठवलेले आवाज काढून संगीत रचणाऱ्यांना. घेताना रॅम पुढे वाढवता येते का हे विचारावे. काही लॅपटॉपांत ती पट्टीवर पक्की जोडलेली असते, मग घेतली तेवढीच कायम. ॲपलच्या आताच्या संगणकांतही रॅम मागाहून वाढत नाही. त्यांच्याबरोबर मुद्रणाचा कार्यक्रम फुकट येतो आणि काम उत्तम होते, पण किंमत पाहून आपले अंथरूण तपासावे.

साठा: फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क संगणकाच्या आत नको, एसएसडी हवी. तिच्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे घरघर नाही, हादऱ्याने बिघडण्याची भीती कमी आणि वेग जास्त. ५०० जीबी पुरे. जुना संगणक घरात असेल तर तबकडी काढून एसएसडी बसवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच तो तरुण होतो.

ग्राफिक्स कार्ड: आवाज लिहायला ते लागत नाही. उलट ते तापते, त्याला थंड करायला पंखे फिरतात, आणि त्या पंख्यांची घरघर आजीच्या ओवीमागे कायमची बसते. मुलाच्या दरपत्रकातली सर्वांत मोठी रक्कम याच वस्तूची होती.

आवाज: घेण्यापूर्वी संगणक चालू करून, दहा मिनिटे काम देऊन, कान जवळ नेऊन ऐकावा. बैल घेताना आपण त्याला चालवून पाहतो, तसेच हे.

टेबलावरचा की मांडीवरचा?

त्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक ताकदीचा मिळतो आणि दुरुस्तीलाही सोपा असतो, हे खरे. तरी खेडेगावात मी लॅपटॉपच सुचवितो. वीज मध्येच गेली तरी चाललेले गाणे पुरे होते. आजी माजघरात, नमन मंदिराच्या सभामंडपात, भजन शेजारच्या वाडीत, तर यंत्र तिथे नेता येते.

आणखी एक फायदा आहे. विजेच्या वायरिंगमुळे हेडफोनमध्ये एकसारखा 'हंऽऽ' असा आवाज येतो, तो आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेचा. अर्थिंग नीट नसलेल्या घरात तो हमखास सापडतो, आणि आमच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात पाणी घालत राहावे, जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. पण त्या घडीचा सोपा उपाय म्हणजे चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवणे. बहुतेक वेळा 'हंऽऽ' तिथल्या तिथे थांबतो. टेबलावरचा संगणक घेतलाच, तर सोबत यूपीएस घेतल्यावाचून राहू नये. आणि गडगडाट सुरू झाला की कोणतेही यंत्र भिंतीच्या खोबणीत जोडलेले ठेवू नये.

माइक आणि पेटी

माइक मुख्यतः दोन प्रकारचे. डायनॅमिक माइक मजबूत असतो, दूरचे बारीकसारीक आवाज फारसे टिपत नाही आणि दमट हवा सोसतो. कंडेन्सर माइक फार संवेदनशील, आवाजातला बारकावा छान पकडतो, पण त्याबरोबर अंगणातला कोंबडाही पकडतो. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची वीज लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. मी फसलो तो इथेच. कौलारू घर, जवळ रस्ता आणि पलीकडे समुद्राची गाज, अशा जागी पहिला माइक डायनॅमिक घ्यावा. शांत खोली साधली की मग कंडेन्सरचा विचार करावा.

इंटरफेसला माइकच्या किती जागा असाव्यात? मी मुलाला म्हटले एक पुरे. तेवढ्यात आतून आजी म्हणाल्या, "जात्याबिगर ओवी येत नाय रे बाबा. हात फिराक लागला की ओवी येता." त्यांचे बरोबर होते आणि माझे चुकले होते. ओवीची लय हाताच्या फिरण्यात असते. मग दोन माइक ठरले, एक आजींच्या तोंडाशी, एक जात्याकडे. दोन जागांची पेटी घरगुती कामाला योग्यच असते. जाखडीचा फड असला तरी दोन माइक जरा उंचावर, माणसांपासून आठ-दहा फुटांवर नीट लावले, तर सगळा मेळ त्यात येतो. आठ माइकांची पेटी घेण्याची घाई करू नये.

थेट यूएसबीने जोडायचे माइकही मिळतात. त्यांना पेटी लागत नाही आणि एकट्याच्या आवाजाला ते ठीक आहेत. पण असे दोन माइक एका संगणकावर एकत्र चालवणे कटकटीचे होते.

हेडफोन तारेचे आणि कान पूर्ण झाकणारे घ्यावेत. बिनतारी ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, ठेका चुकतो. पावसाळ्यात माइक आणि पेटी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. रंग बदलणारे दाणे मिळतात. त्यांचा रंग पालटला की ते दमले असे समजून पुड्या बदलाव्यात.

मुद्रणाचा कार्यक्रम विकत घेण्याची सुरुवातीला गरज नाही. ऑडॅसिटी हा कार्यक्रम २००० सालापासून सर्वांना फुकट उपलब्ध आहे आणि आपल्या कामाला पुरतो.

रुपयाचे सोळा आणे

हाती असलेल्या रकमेचे सोळा आणे धरावेत. आठ आणे संगणकाला, पाच आणे माइक व इंटरफेसला, दोन आणे हेडफोन, तारा आणि माइकच्या स्टँडला, आणि एक आणा प्रत ठेवण्याच्या बाहेरील हार्ड डिस्कला. घरात कामाजोगा संगणक असेल तर त्याचे आठ आणे वाचले, ते पेटीत ठेवावेत. मुलाच्या यादीत चौदा आणे संगणकाला गेले होते आणि प्रत ठेवण्यासाठी दिडकीही नव्हती.

ज्यांच्याजवळ आज काहीच नाही त्यांनीही थांबू नये. मोबाइल तर बहुतेक घरांत आहे. तो विमान-मोडवर टाकून, पुस्तकांच्या चवडीवर, गाणारीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवून मुद्रण करावे. उद्याच्या उत्तम यंत्राची वाट पाहण्यापेक्षा आजचा साधा आवाज हाती असलेला बरा.

खोली आणि ऋतू

कोणत्याही दुकानात न मिळणारी वस्तू म्हणजे शांतता. आकाशवाणीवर शेतीविषयक भाषणे देण्याचे प्रसंग मला आले. तिथल्या खोलीत पाऊल टाकताच कानाला जाणवते ते भिंतींचे मऊपण. नव्या स्लॅबच्या घरातली फरशीची खोली घुमते. जुन्या घराचे माजघर, जिथे कणगी आहे, गोणी रचलेल्या आहेत, दांडीवर कपडे आहेत, ती जागा फार चांगली. गाणारीच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगाव्यात. माइक तोंडापासून एक वीत, थोडा तिरका ठेवावा, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. चढ्या सुरात मीटरचा काटा उणे १२ च्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवावी. आवाज कमी असला तर मागाहून वाढवता येतो, फुटलेला मात्र सांधता येत नाही.

पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रीज तेवढा वेळ बंद ठेवावा. फ्रीज पुन्हा चालू करायचा राहू नये म्हणून दुचाकीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवून द्यावी. बाहेर निघताना आठवण आपोआप होते.

कोकणात जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊ नये. पत्र्यावर, कौलांवर पाऊस, आणि थांबला की बेडूक. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतची दुपार उत्तम. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा सगळे गाणारे एकत्र सापडतात, पण गडबडही असते. गाणाऱ्यांशी बोलणी तेव्हा करून ठेवावीत, मुद्रण शांत दिवशी करावे.

प्रत ठेवा, नाव लिहा, विचारून घ्या

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरच्या बागा आडव्या केल्या, घरांची कौले-पत्रे उडाले. अशा वेळी एकाच घरात असलेला साठा घराबरोबर जातो. म्हणून प्रती तीन असाव्यात. एक संगणकात, एक बाहेरील हार्ड डिस्कवर घट्ट डब्यात, आणि एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे. दर दिवाळीच्या साफसफाईला त्या चालवून पाहाव्यात. मूळ मुद्रण 'वेव्ह' या पूर्ण स्वरूपात ठेवावे. एमपी-३ मध्ये आवाजाचा काही भाग गाळला जातो, ती प्रत फक्त नातेवाइकांना मोबाइलवर पाठविण्यासाठी.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणारीचे नाव आणि गाण्याचा प्रकार लिहावा. ओवीचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत, अवघड शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे विचारावा. आणि हे गाणे बाहेर कोणाला ऐकवायचे, इंटरनेटवर घालायचे, तर गाणाऱ्याला आधी विचारावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, सासरच्या जाचाची ओवी एखाद्या आजीला चारचौघांत नको असेल. तिचा मान राखावा.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

१. प्रोसेसर कोणत्या पिढीचा? विंडोज ११ अधिकृतपणे चालते का?
२. रॅम किती, आणि पुढे वाढवता येते का?
३. साठा एसएसडीचा आहे ना?
४. कामाच्या वेळी पंखा किती वाजतो? चालवून दाखवा.
५. जुना असेल तर बॅटरी किती वेळ टिकते, आणि हमी किती महिन्यांची?
६. इंटरफेसला माइकच्या दोन जागा, ४८ व्होल्टची वीज आणि थेट ऐकण्याची सोय आहे का?
७. हा माइक या पेटीवर चालतो का? इथेच जोडून ऐकवा.

सातवा प्रश्न मी माझ्या वेळी विचारला असता तर माझे पैसे सहा महिने कपाटात पडले नसते.

बुरोंडीला पुढे काय झाले

मुलाने नवे दरपत्रक आणले. कचेरीत वापरलेला लॅपटॉप, सोळा जीबी रॅमचा, दोन जागांची पेटी, दोन डायनॅमिक माइक, हेडफोन आणि हार्ड डिस्क. काजूच्या पैशांतून हे सगळे येऊन दुसऱ्या फवारणीचे औषधही सुटले. घरधनी खूश झाले ते या दुसऱ्या गोष्टीने.

माघात मी पुन्हा गेलो तेव्हा माजघरात गोधड्या टांगलेल्या होत्या आणि कोनाड्यातले जाते खाली आले होते. आजींनी मूठभर तांदूळ घातले, खुंट्याला हात लावला आणि सुरुवात केली. चार ओव्या झाल्यावर मुलाने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. स्वतःचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी हात वर केला.

"ह्यां चुकला. भावाचा नाव आधी येता, मगे भावजयचा. परत घे."

मुलाने परत घेतले. त्या दुपारी बावीस ओव्या झाल्या, आणि वहीत प्रत्येकीपुढे आजींचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही गावांचे नाव लिहिले गेले. निघताना घरधनी म्हणाले, "साहेब, ही माझी आईस इतकं गाते हे मला सुद्धा ठाऊक नव्हतं."

वाचकहो, आपल्या घरातही कोनाड्यात एखादे जाते असेल, आणि ते फिरवणारा हात अजून असेल. यंत्र कोणते घ्यावे ते वर सांगितले आहे. घेणे जमले तर विचार करून घ्या, न जमले तर मोबाइल आहेच. पण येत्या पावसाआधी एक दुपार काढा.